माशांबरोबर आलेलं पाणी

मासा हंड्यात घालून, वर ओला पंचा झाकून, डोक्यावर घेऊन जपून चालणारी माणसं मी या मार्चअखेरीपर्यंत पाहिली नव्हती. आमच्या गुहागरकडे मासा टोपलीतून निघतो तो थेट तव्यावरच थांबतो, मध्ये कुठे त्याचा मानपान होत नाही. त्यामुळे नगर जिल्ह्यातून (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझी जीभ अजून वळत नाही) परत आल्यापासून मी जे सांगतेय ते इथे कुणाला खरंच वाटत नाही. शेजारीण तर म्हणाली, "उन्हात फिरलीस ना, त्याचं असेल ते." म्हणून लिहून काढते. बोललेलं लोक हसण्यावारी नेतात, लिहिलेलं निदान एकदा वाचतात.

गावाचं नाव मात्र लिहिणार नाही. गावानेच तशी अट घातली. मागे कुणीतरी डोहाचे फोटो मोबाईलवर टाकले, तर पुढच्याच रविवारी गाड्या भरभरून माणसं पोहायला आली आणि बाटल्या टाकून गेली. तेव्हा एवढंच सांगते, की संगमनेर तालुक्यात, प्रवरेला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठी हे गाव आहे. त्यात एक चर्च आहे, एक मारुतीचं देऊळ आहे आणि दोघांच्या मधोमध पिठाची गिरणी आहे.

माझी भाची श्रीरामपूरला एका दवाखान्यात नर्स आहे. तिच्याकडे गेले होते. रात्री जेवताना मी नेहमीचं रडगाणं लावलं: आमच्या दारातला वहाळ, पावसाळ्यात घरात शिरायला बघतो आणि एप्रिल लागला की नुसते दगड. तिथे भाचीची मैत्रीण एस्तेर जेवायला होती. ती शांतपणे म्हणाली, "मावशी, आमच्या गावाला तुमच्या निम्म्याचा निम्मा पाऊसही होत नाही. पण आमचा डोह आटत नाही."

"देव पावला असेल," मी म्हटलं. मला राग पटकन येतो.

"माझी आई पावलीय यंदा," एस्तेर हसून म्हणाली. "डोहाची पाळी तिच्याकडे आहे. जाऊन बघा की चार दिवस."

पोस्टाच्या खिडकीमागे जन्म घालवलेल्या बाईला कुणी असं आव्हान दिलं की ती पिशवी भरते. मी भरली.

दूधवाल्याच्या गाडीवरून

श्रीरामपूर सोडलं की दोन्ही बाजूंना ऊस, ऊस आणि ऊस. कालवे भरून वाहत होते. एस्तेरने थाप मारली, असंच मला वाटत होतं. पण संगमनेर मागे पडलं, बस डोंगराकडे वळली आणि ऊस जो संपला तो संपलाच. मग नुसती तांबूस-करडी टेकाडं, खरवडलेल्या तव्यासारखी.

कंडक्टरने "हाच फाटा" म्हणून मला उतरवलं आणि तो फाटा अर्थातच हा नव्हता. भर दुपारी मी एका बाभळीखाली पिशवी घेऊन उभी. कोकणात घाम येतो. इथे तो यायच्या आधीच वाळतो. त्या कंडक्टरला मी काय काय म्हणत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी रिकाम्या किटल्या घेऊन परतणारा एक दूधवाला मोटरसायकल थांबवून म्हणाला, "कुनाकडं जायचंय, मावशी?"

"रूथबाईंकडे."

"मंग डोहावर सोडतो. त्या घरी न्हाई सापडायच्या. यंदा पाळी हाय त्यांची."

दोन्हीकडे किटल्या खडखडताहेत, मध्ये मी, मांडीवर पिशवी, अशी माझी वरात निघाली. खिंड ओलांडली आणि मी त्याच्या खांद्यावर थाप मारून म्हटलं, "थांब, थांब!" त्याला वाटलं मी पडते.

समोरच्या सगळ्या उघड्या टेकड्यांमध्ये एकच डोंगर असा होता, ज्याच्या अंगावर केस होते. कमरेएवढं वाळलेलं सोनेरी गवत, वाऱ्याने एका बाजूला झुकणारं. त्यात आडवे आडवे बांध, बांधांवर झाडं. आणि डोंगराच्या पायथ्याला ओढ्याच्या वळणावर गर्द हिरवा पुंजका: करंज, उंबर, जांभूळ. मार्च संपत आलेला, आणि ही हिरवळ! माझ्या तोंडून "अगो बाई" एवढंच निघालं. दूधवाला मान वळवून म्हणाला, "ह्या डोंगरावं शेळी चढत न्हाई आन् कुऱ्हाड चालत न्हाई. गवात पायजे तर इळा घेऊन जायाचं, आन् कापून डोक्यावं आनायचं. माझ्या म्हशी तेच खात्यात." ते सांगताना त्याच्या चेहऱ्यावर असा रुबाब होता की जणू डोंगर त्यानेच उभा केला होता.

डोह आणि डोंगळे

रूथबाई उंच, सावळी, पंचावन्नच्या आसपासची. साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. उंबराच्या मुळीवर बसून ती पाण्याकडे बघत होती. मला बघून उठली. "जय ख्रिस्त, ताई. एस्तेरचा फोन आलता. आदी पानी प्या." तिने पितळी तांब्या पुढे केला.

मी तांब्या तोंडाला लावला आणि पाणी पिता पिताच डोह बघितला.

आमच्या देवळाच्या अंगणाएवढा असेल. पण काय पाणी! काठाला तळातले गोटे मोजता येत होते, आणि मध्यावर निळंकाळं, खोल. त्या खोलातून एक लांब सावली हलली, वर आली, हवा घेऊन परत बुडाली. मरळ! माझ्या हाताएवढी मरळ! पाठोपाठ मळ्या नावाच्या चिल्लर माशांचा थवा चमकला. काठच्या वाळ्याच्या मुळांत काहीतरी सळसळलं. खंड्या पाण्यावर आपटला आणि चोचीत काहीतरी घेऊन गेला. मी कितीतरी वेळ तोंड उघडं टाकून उभी होते. मला समुद्राची सवय आहे, मी पाण्याने भारावणारी बाई नव्हे. पण खरवडलेल्या मुलखात, एवढंसं, इतकं स्वच्छ, इतकं जिवंत पाणी बघून माझ्या अंगावर काटा आला.

काठावर ना गळ दिसला, ना जाळं. "हे खंड्याला चालतं आणि तुम्हाला नाही?" मी विचारलं. "तुम्ही कुणी मासे धरत नाही इथले?"

"खंड्याला नियम कोन सांगनार?" रूथबाई म्हणाली.

नियम तिने आणि काठी टेकत तिथे आलेल्या भिकाआबांनी मिळून सांगितला. भिकाआबा म्हणजे गावातले सगळ्यांत वयस्क गृहस्थ, मारुतीची दिवाबत्ती करणारे, ऐकायला कमी येत असल्यामुळे फार मोठ्याने बोलणारे. त्यांच्या तरुणपणी ओढ्यातली वाळू ट्रॅक्टरनं उपसून नेली लोकांनी, थेट कातळ लागेपर्यंत. वाळू गेली तशी ओल गेली, आणि एका उन्हाळ्यात डोह पार आटला. मासे चिखलात मेले.

"आठ दिस वास हुता," भिकाआबा ओरडून म्हणाले. "चर्चमदी वास, देवळामदी वास, भाकरीला वास. त्या वासानं गाव जागं झालं बगा!"

मग ट्रॅक्टरच्या वाटेवर काटे टाकून माणसं पाळीपाळीने बसली. डोंगर शेळ्यांना बंद झाला. दर आठवड्याला घरटी एक माणूस फावडं घेऊन बांधावर. कितीतरी पावसाळे गेले तेव्हा कुठे ओढ्यात वाळू परत साठली आणि डोहाने पाणी धरलं. पाणी आलं तसं भांडण आलं, कारण काठाला बारा-पंधरा मोटरी बसल्या. किती पाणी उपसायचं, किती ठेवायचं? कुणी म्हणे पुरुषभर, कुणी म्हणे कमरेएवढं.

"तवा माझी सासू उठली," रूथबाई म्हणाली. "ती म्हनली, मासा जगंल येवढं ठिवा. त्येच्या वरचं आपलं. मासे आनून सोडले आन् ती शीळ ठरली."

डोहाच्या एका कडेला पाण्याखाली एक काळा दगड दिसत होता, म्हशीच्या पाठीसारखा. ती शीळ, मासा जगेल एवढ्या पाण्याची खूण. ती बुडालेली आहे तोवर शेताला मोटरी चालवायच्या. तिचा माथा उघडा पडला की त्या घटकेपासून मोटरी बंद, पहिला पाऊस पडून ओढा वाहेपर्यंत. मग डोहाचं पाणी फक्त माणसांच्या आणि जनावरांच्या तोंडाला. आणि शीळ उघडली हे सांगायचं काम एका घराकडे. दाराच्या क्रमाने दरवर्षी पाळी फिरते. यंदा रूथबाईची.

शिळेवर तेव्हा दोन बोटं पाणी होतं.

तिच्या शेतात गेलो तेव्हा मला त्या दोन बोटांचा अर्थ कळला. दोन गुंठ्यांत डोंगळे होते, बियाण्याच्या कांद्याचे उंच दांडे, प्रत्येकाच्या टोकाला पांढरट गोंडा. मी आयुष्यभर कांदा चिरला, पण त्याचं बी कसं धरतं ते पहिल्यांदा बघत होते. हे बी रूथबाईच्या सासूचं. लाल, तिखट, टिकाऊ कांदा. निम्मं गाव तिच्याकडूनच बी नेतं. आणि कांद्याचं बी एकच वर्ष टिकतं. एक साल चुकलं की वाण संपला.

"यंदा पाऊस लवकर गेला," तिने एक गोंडा बोटात धरून दाखवला. "हे वरचे वाफे भरलेत. पर खालचे दुधात हायेत. येक पानी पायजे त्यास्नी. फकस्त येक. न्हाई भेटलं तर समदं पोचट."

"मग द्या की आजच!"

"आज लाईट न्हाई. उद्या सकाळी नऊला यील."

"आणि तोवर शीळ उघडली तर?"

तिने गोंडा सोडून दिला. "तर काय. मीच सांगायची."

सासूचं बी एका हातात आणि सासूचाच नियम दुसऱ्या हातात, अशी ती बाई उभी होती, आणि बोलत होती मात्र साखर संपली आहे इतक्या साधेपणाने. मी म्हटलं, टँकर मागवा. तर म्हणाली, "टँकरचं पानी बी कुनाच्या तरी डोहातलंच आसतं, ताई." मला आणखीच राग आला.

संध्याकाळी तिने पाहुणचार म्हणून मासवडी केली. नाव ऐकून मी खुशीत पाट ओढला. मेलं, बेसनाच्या वडीत तीळ-खोबऱ्याचं सारण, मासळीचा औषधालाही पत्ता नाही! पण झणझणीत रश्शात बुडवून भाकरीबरोबर तीन वड्या कधी संपल्या कळलं नाही. जेवताना रूथबाईचं लक्ष जेवणात नव्हतं. वारा सुटला की ती दाराकडे बघायची. कोरडा वारा पाणी पितो.

चतुर

सकाळी उजाडताच तिने मला उठवलं. "ताई, जरा डोहावर चला. शीळ बघायचीय."

"मी कशाला? पाळी तुमची."

"माझ्या डोळ्यावर माझा इश्वास न्हाई. त्यो डोंगळ्यांचा डोळा हाय. तुमचं हितं शेत न्हाई, तुमी बगा आन् सांगा."

उंबराखाली उभी राहून मी पाहिलं. शिळेचा माथा, सुपारीएवढा, पाण्याबाहेर होता. ओला, पण बाहेर. वीज यायला अजून दोन-अडीच तास. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. त्या दोन-अडीच तासांत कोण बघणार होतं?

मी खोटं बोलले. लिहायला लाज वाटते, पण बोलले. "मला तर काही दिसत नाही," मी म्हटलं. "बुडालेलीच आहे."

रूथबाई पाण्याकडे बघत राहिली, मीही बघत राहिले. तेवढ्यात एक लालभडक चतुर भिरभिरत आला, दोन घिरट्या घातल्या आणि नेमका त्या सुपारीएवढ्या दगडावर पंख पसरून बसला.

"चतुर पान्यावं बसत न्हाई, ताई," ती हळूच म्हणाली.

मी मान खाली घातली. ती सरळ चर्चकडे चालत गेली आणि घंटा वाजवली. ती ऐकून भिकाआबांनी देवळातली वाजवली. दोन्ही घंटा एकदम वाजल्या की गावाला कळतं.

घटकाभरात माणसं डोहावर जमली. प्रत्येकाच्या हातात आपापल्या मोटरीच्या पेटीतला पांढरा चिनी मातीचा फ्यूज. रूथबाईने एक टोपली उंबराच्या फांदीला टांगली आणि पहिला फ्यूज तिचा स्वतःचा टाकला. टक्क असा आवाज झाला. मग एकेक टक्क, टक्क. कुणाची मका उभी होती, कुणाचं जनावरांच्या घासाचं रान. चेहरे पडले होते, कुरकुर होती, एक जण तर शीळच कुणी हलवली की काय म्हणत होता. पण टोपली भरली. ना पोलीस, ना साहेब, ना पावती. नुसतं चतुर बसला म्हणून पंधरा मोटरी बंद पडताना मी पाहिल्या.

हंडे

आणि मग सुरू झाली ती गंमत, जी इथे कुणाला खरी वाटत नाही. खालच्या अंगाला ओढ्यात तीन डबकी उरली होती. गुडघाभर पाणी, चार दिवसांत आटणारं. त्यात पावसाळ्यात खाली उतरलेले मासे अडकलेले. शीळ उघडली की त्याच दिवशी ते मासे उचलून डोहात आणायचे, ही रीत. सगळं गाव आलं होतं. हंडे, बादल्या, डबे, कुकरची भांडी, चर्चमधलं मोठं पातेलं, लग्नाच्या पंगतीची पिंपं.

पुरुष धोतरं-पँटी वर करून डबक्यात उतरले आणि साडीने मासे घेरू लागले. बायका हंडे भरून अर्ध्या मैलाची चढण चढू लागल्या. मला वाटलं होतं, दोन-चार मळ्या तरी कुणाच्या पदरात जातील. छे! हंड्यात अर्धं पाणी, त्यात मासे, वर ओला पंचा. "उडू नगं गं माझे बाय," असं मरळीला समजावत चाललेली एक म्हातारी मी ऐकली, या माझ्या कानांनी.

रूथबाईची शेजारीण कमल माझ्या पुढे होती. तिने मला चुंबळ करून दिली आणि माझ्या डोक्यावर छोटी घागर ठेवली. दहा पावलं गेले नाही तोच पंच्याखालून सापासारखी लांबडी एक वाम सुळकन बाहेर आली, माझ्या खांद्यावरून घसरली आणि वाटेच्या मातीत वळवळायला लागली. बायका किंचाळल्या. वाम हातात ठरत नाही, तेल लावल्यासारखी निसटते. पण मी कोकणातली आहे. घागर खाली ठेवली, मूठभर माती हाताला चोळली आणि मानेमागे अशी पकडली की एका झटक्यात घागरीत.

"लई भारी, ताई!" कमल म्हणाली. "सवय हाय वाटतं."

"सवय आहे," मी म्हटलं, "पण यापुढची पायरी वेगळी असते आमच्याकडे."

ती इतकी हसली की तिचा हंडा डचमळला. दुपारपर्यंत किती खेपा झाल्या देव जाणे. मान मोडून आली, पायांना काटे बोचले, नाकाचं कातडं सोललं. पण डोहाच्या काठाशी हंडा हळूच तिरका केला की आतला मासा क्षणभर घुटमळायचा, मग त्याला खोली समजायची आणि तो शेपटीचा एक फटकारा मारून नाहीसा व्हायचा. दर वेळी माझ्या छातीत काहीतरी सुटल्यासारखं व्हायचं. मी इतक्या माशांना आयुष्यात कधी जीवदान दिलेलं नाही, उलटच काय ते केलं आहे. भिकाआबा काठावर बसून प्रत्येक हंड्याला हात जोडत होते, आणि पलीकडे रूथबाई कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून मासे सोडून घेत होती. तिच्या डोंगळ्यांची नऊची वीज केव्हाच येऊन गेली होती.

संध्याकाळचा प्रश्न

उन्हं उतरली तेव्हा शेवटचं पिंप रिकामं झालं. सगळे काठावर पाय सोडून बसले. गुळाचा चहा आला. आणि कमल एकदम उभी राहिली.

"आगं, शीळ कुटंय?"

सगळे बघायला लागले. शीळ नव्हती. म्हणजे होती, पण पाण्याखाली. सकाळी उघडा पडलेला माथा नखभर पाण्यात बुडाला होता. दिवसभर मोटरी बंद, वाळूतून झिरपा चालूच, आणि वर आम्ही शेकडो हंडे पाणी माशांबरोबर आणून ओतलं होतं! आम्हीच शीळ बुडवली होती.

आधी हशा पिकला. मग हशा हळूहळू विरला आणि सगळ्यांच्या नजरा रूथबाईकडे वळल्या. शीळ बुडालेली असेल तर मोटर चालते. नियम तर हाच.

भिकाआबा काठी टेकत उठले. टोपलीपाशी गेले, चाचपून रूथबाईचा फ्यूज काढला. त्यावर तांबडा रंग होता. तो त्यांनी तिच्या हातात ठेवला. "पोरी," ते ओरडूनच म्हणाले, त्यांना हळू बोलता येत नाही, "तुझं येक पानी घे. लाईट परत आलीया आत्ता. बाकी कोनी मोटर लावनार न्हाई. व्हय का रं?"

"व्हय!" सगळे म्हणाले. एकही जण मागे राहिला नाही. सकाळी कुरकुरणारा मकेवाला सुद्धा म्हणाला, "घ्या, बाई. त्या बियात आमचा बी कांदा हाय."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "रूथताई, दाबा बटण!" मी ओरडले. "शीळ बुडालीय, मी साक्षीदार आहे, आणि या वेळी खोटं बोलत नाही!"

ती ओल्या साडीने तशीच उभी होती. फ्यूज हातात. बराच वेळ तिने त्याच्याकडे पाहिलं. खाली डोंगळ्यांचा पांढरट पट्टा दिसत होता, तिकडे पाहिलं. मग तिने फ्यूज उचलून परत टोपलीत टाकला. टक्क.

"रूथ!" भिकाआबा म्हणाले.

"आबा, हे पानी माशांसंगं आलंय. त्यांचं हाय." तिने ओला पदर पिळला. "आन् दुसरं सांगू? आज मी घेतलं, तर फुडल्या साली काय हुईल? ज्याचं पीक आडलंय त्यो हंड्यात मासा घालील येक, आन् पानी काठोकाठ. मासे ऱ्हातील खाली आन् आपुन दिसभर पानीच वाहू, शीळ बुडवाया."

मकेवालाच खो खो हसत सुटला, कारण ते त्याच्या मनात आलं असणार हे सगळ्यांनी ओळखलं. हसता हसता त्याने डोळे पुसले. बायका हंडे उचलून घराकडे निघाल्या. मी मात्र तिच्यावर इतकी चिडले होते, आणि तिच्यापुढे इतकी लहान झाले होते, की तिच्याशी बोलायचं कसं तेच मला कळेना. वाटेत मी तिचा ओला हात धरला आणि घरापर्यंत सोडला नाही. जेवताना तिने मला पोटभर वाढलं आणि स्वतः अर्धी भाकरी खाल्ली.

विळा

दुसऱ्या दिवशी मला निघायचं होतं. सकाळी ती घरात नव्हती. मी डोहावर पाहिलं, तिथेही नव्हती. शेतात सापडली. वरच्या वाफ्यांतले गोंडे विळ्याने कापून ती पाटीत टाकत होती.

तिने एक गोंडा तळहातावर चोळला आणि फुंकर मारली. कोंडा उडाला, काळं चकचकीत बी उरलं. "हे घरात आलं म्हंजी वान जगला," ती म्हणाली. "गावाला पुरायचं न्हाई. पर जगला."

मग ती खालच्या वाफ्यात गेली आणि तिथला एक गोंडा दाबला. बोटांना पांढरं दूध लागलं. ते तिने पदराला पुसलं. निम्म्याहून जास्त वाफे तसेच होते, आणि आठ दिवसांत त्यांचं काय होणार ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

"रूथताई," मी विचारलंच, माझ्याने राहवेना. "तुम्हाला रडू नाही येत?"

"आलं की. पहाटं घरात रडून घेतलं," ती म्हणाली. "काल डोहावर रडले अस्ते, तर गावानं माझं काय ऐकलं नसतं. मोटर लावली असती."

आणि तिने मला दुसरा विळा दिला. ऊन तापलं की बोंडं फुटून बी सांडतं, म्हणून हात लवकर चालवायला सांगितलं. मी पदर खोचून तिच्या शेजारच्या ओळीत शिरले. माझी बस चुकली ती चुकलीच.